पाव तीन म्हणजे सव्वादोन

गौरीजेवणाला यंदा आमच्या कर्वेनगरच्या घरी पंचवीस पानं झाली. शेवटच्या पंगतीत वाढताना मला चार जणींनी एकच प्रश्न विचारला, "काय गं, तिकडे दिवस कसा जातो?" या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं. "छान जातो" म्हणायचं आणि पोळीवर तूप वाढत पुढे सरकायचं. धाकट्या मामीनं मात्र हात धरून थांबवलं. तिचा मुलगा शेवटच्या वर्षाला आहे आणि त्याच्याही डोक्यात जर्मनी शिरलंय. "नीट सांग. सकाळी उठल्यापासून. फोटोत दिसतं ते नको."

म्हणून एकच दिवस सांगते. गुरुवार, ५ डिसेंबर २०२४. हा काही माझा तिथला सर्वांत चांगला दिवस नव्हे. त्या दिवशी माझी अशी फजिती झाली की तो तासातासानं लक्षात राहिलाय.

त्याआधी थोडं इकडचं, कारण तो दिवस पुण्यातच सुरू झाला होता.

मी सिव्हिलची. बी.ई. पुण्यातच केलं, दोन वर्षं एका सल्लागार कंपनीत पावसाळी गटारांचे नकाशे काढले आणि मग ड्रेस्डेनच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत 'हायड्रो सायन्स अँड इंजिनिअरिंग' या एम.एससी.ला अर्ज केला. हा कोर्स इंग्रजीतून असतो. एसओपीत, म्हणजे 'हा कोर्स का करायचाय' ते सांगणाऱ्या निबंधात, काय लिहावं म्हणून चार रात्री अडून बसले होते. शेवटी आजीचं पानशेत लिहिलं. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं तेव्हा आजी सोळा वर्षांची होती. माहेर नारायण पेठेत, नदीपासून हाकेच्या अंतरावर. "पाणी उतरल्यावर घरात गेलो तर फळीवरच्या मिठाच्या बरणीतसुद्धा चिखल" हे तिचं वाक्य मी जसंच्या तसं इंग्रजीत घातलं. प्रवेश त्या बरणीमुळेच मिळाला, असं आजीचं ठाम मत आहे.

बाकी सगळे कागद. एपीएस नावाचं प्रमाणपत्र भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचं झालंय. आपल्या गुणपत्रिका खऱ्या आहेत हे दुसऱ्याकडून वदवून घ्यायचे १८,००० रुपये. मग ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे वर्षभराचा खर्च आधीच एका खात्यात कोंडून ठेवायचा. माझ्या वेळी ती रक्कम ११,२०८ युरो होती, सप्टेंबर २०२४ पासून ११,९०४ झाली. त्यातले महिन्याला ९३४ युरो मोजून हातात पडणार. कर्ज काढून भरलेले दहा लाख आपल्याच नावावर, आणि ते आपल्यालाच हप्त्यानं मिळणार! आजी म्हणाली, "सासूबाईंच्या राज्यात आमचंही असंच होतं."

जर्मन शिकायला फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जात होते, सकाळच्या वर्गाला. ए-टू या पातळीपर्यंत केलं. घड्याळाचा धडा होता तेव्हा बाई एवढंच म्हणाल्या होत्या, "पूर्वेकडे, दक्षिणेकडे वेळ वेगळ्या पद्धतीनं सांगतात, गेलात की कळेल." मी तेव्हा खिडकीतून वैशाली हॉटेलच्या दिशेनं बघत होते. लिहून घेतलं नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, मी ठेवलं नाही.

विमानाच्या दोन आठवडे आधी, ११ सप्टेंबरला, ड्रेस्डेनमधल्या कारोला पुलाचा ट्रामवाला भाग पहाटे तीनच्या सुमाराला एल्बे नदीत कोसळला. शेवटची ट्राम काही मिनिटं आधीच गेली होती, म्हणून कुणाला काही झालं नाही. घरी मात्र हलकल्लोळ. बाबांनी तो व्हिडिओ इतक्या वेळा लावला की पूल आमच्या हॉलमध्ये पडल्यासारखं वाटायला लागलं. आई म्हणे, जर्मन लोकांचे पूल पडतात? आजी म्हणाली, "आपला भिडे पूल दरवर्षी पाण्याखाली जातो आणि वर येतो. त्यांना सांग." तिच्या बोलण्यात नाही म्हटलं तरी थोडा अभिमान होता.

तर ५ डिसेंबर.

गजर पावणेसहाला. डोळे उघडले तरी फरक पडत नाही, कारण डिसेंबरात तिथे सूर्य आठच्या सुमाराला उगवतो आणि दुपारी चारला मावळतो. मी राहते ल्योब्टाउ नावाच्या भागात, जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. तिघांनी मिळून घेतलेला फ्लॅट, त्याला तिथे 'वेगे' म्हणतात. माझ्या खोलीचं भाडं ३४० युरो, आणि ते 'वार्म' भाडं आहे, म्हणजे हीटिंग धरून. 'काल्ट' म्हणजे थंड भाडं ऐकून स्वस्त समजू नये, मामी, हे लिहून ठेव.

इमारतीच्या जिन्यात एक पितळी पट्टी आहे, साधारण माझ्या कमरेच्या उंचीवर. त्यावर फक्त २००२ लिहिलंय. त्या ऑगस्टमध्ये वाइसेरित्स ही एरवी घोट्याएवढ्या पाण्याची नदी आपल्या जुन्या पात्रातून वाट काढत थेट मुख्य रेल्वे स्टेशनात शिरली होती. नदी वळवली तरी ती जुनी वाट विसरत नाही, हे आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवलं. पट्टीच्या शेजारी सूचना लावलेल्या असतात. सायकल इथे लावू नये. दार ढकलू नये, ते आपोआप लागते. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळावी. खाली सही नाही, पण सूर ओळखीचा. पहिल्यांदा वाचल्यावर मला सदाशिव पेठेत आल्यासारखं वाटलं आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदाच मी एकटी हसले.

उठल्याबरोबर पहिलं काम म्हणजे खिडकी सताड उघडायची. बाहेर उणे दोन. पाच-दहा मिनिटं घरातली सगळी कोंदट हवा बाहेर घालवायची, नाहीतर भिंतींना बुरशी येते आणि घरमालक डिपॉझिटमधून कापून घेतो. याला 'श्टोसल्युफ्टन' असा भारदस्त शब्द आहे. माझी एक घरसोबतीण थ्युरिंगिया या शेजारच्या राज्यातली, वनशास्त्र शिकते. तिचा खिडक्यांवर कटाक्ष इतका की एकदा मी कांदेपोह्यांची फोडणी दिली तर ती खोलीतून कोट घालूनच आली आणि काही न बोलता स्वयंपाकघराच्या दोन्ही खिडक्या उघडून उभी राहिली. मग बशी पुढे केली. पोहे दोनदा घेतले.

सात वाजता ६१ नंबरची पिवळी बस. ही बस म्हणजे तिथली स्वारगेट-कोथरूड. सकाळी पाय ठेवायला जागा नसते. फरक एवढाच की तिथे गर्दीत कुणी बोलत नाही. पन्नास माणसं ओल्या कोटांच्या वासात उभी आणि आवाज फक्त पुढच्या थांब्याच्या घोषणेचा. तिकिटाची कटकट नसते, सेमिस्टरच्या फीतच ते आलेलं असतं.

आमच्या युनिव्हर्सिटीत तास ठरलेले. दीड तासाचा एक, वर्षानुवर्षं तेच वेळापत्रक. पहिला ७:३० ते ९, दुसरा ९:२० ते १०:५०, तिसरा ११:१० ते १२:४०, चौथा १ ते २:३०, पाचवा २:५० ते ४:२०. साडेसात म्हणजे साडेसात. दार आतून लावून घेतात असं काही नाही, पण उशिरा येणाऱ्याला दोनशे लोकांसमोरून पायऱ्या उतरत जागा शोधावी लागते, आणि लाकडी खुर्ची उघडताना कर्रकन वाजते.

त्या सकाळी भूजलाचा तास होता. प्राध्यापकांनी तास संपवला आणि सगळ्यांनी बोटांच्या पेरांनी बाकं ठोकायला सुरुवात केली. आता सवय झालीय, पण पहिल्या दिवशी मला वाटलं मुलं चिडली. आपल्याकडे बाकं वाजली की सरांचं काही खरं नसतं. तिथे ती दाद असते. टाळ्यांऐवजी ठकठक. पुरुषोत्तम करंडक बघणाऱ्या माणसाला ही दाद फारच बेताची वाटते.

लेक्चरविषयी आणखी काय सांगू? समजतं, समजत नाही, घरी जाऊन वाचावं लागतं. हजेरी बहुतेक तासांना नसते, कुणी मागे लागत नाही. सेमिस्टरच्या शेवटी एकच परीक्षा आणि बरेचदा सगळे गुण त्यातच. मार्कही उलटे. १.० म्हणजे उत्तम, ४.० म्हणजे काठावर पास, ५.० म्हणजे नापास. पहिल्या निकालात मला एका विषयात १.७ मिळाले तेव्हा बाबांनी अर्धा मिनिट काही बोलणंच टाळलं होतं.

आता मुद्द्यावर येते.

९३४ युरोंतून भाडं गेलं, आरोग्य विम्याचे सव्वाशेच्या आसपास गेले, फोन गेला, की जे उरतं त्यात माणूस जगतो, पण बर्फात घालायचे बूट घेताना तीन दुकानं फिरतो. त्यामुळे सगळ्यांना हवा असतो 'हिवी'चा जॉब, म्हणजे एखाद्या प्राध्यापकाच्या विभागात विद्यार्थी-मदतनीस. त्या वर्षी किमान वेतन तासाला १२.४१ युरो होतं. परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करायची मुभा आहे. पूरपातळीच्या जुन्या नोंदी तपासून संगणकात भरायचं काम होतं. पानशेतच्या नातीला याहून चांगलं काय?

अर्ज केला आणि मंगळवारी विभागातून फोन आला. सेक्रेटरी बाई, वयस्कर आवाज, खास सॅक्सन, म्हणजे ड्रेस्डेन ज्या राज्यात आहे त्या सॅक्सनीतला, उच्चार. मी छाती फुगवून जर्मनमध्येच बोलले. त्या म्हणाल्या, गुरुवारी, 'फिअर्टल द्राय', जमेल का? फिअर्टल म्हणजे पाव, द्राय म्हणजे तीन. रानडेत शिकलेलं 'फिअर्टल नाख द्राय' म्हणजे तीन वाजून पाव तास, सव्वातीन. मधला 'नाख' त्यांनी घाईत गिळला असेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं. सव्वातीन. "जमेल, जमेल!"

गुरुवारी तिसरा तास १२:४० ला संपला. मेन्झात जेवले. मेन्झा म्हणजे विद्यार्थ्यांचं भोजनगृह, चार युरोंच्या आत पोटभर होतं, शाकाहारी रोज मिळतं. त्या दिवशी मसूर होती, व्हिनेगर घातलेली. आमटीला कुणी असं वागवतं का, असा विचार रोज येतो आणि रोज मी ती संपवते. मग सव्वातीनपर्यंत भरपूर वेळ होता, म्हणून तिथेच कॉफी घेऊन बसले आणि मुलाखतीची जर्मन वाक्यं कागदावर लिहून पुटपुटत राहिले. मी पुण्याहून आले. माझं शहर नदीकाठी आहे. मला जुन्या नोंदी वाचायला आवडतात. आणि सर्वांत घोटलेलं वाक्य, कारण इंटरनेटवर सगळीकडे सांगतात की जर्मन माणसाला हे आवडतं: "मी नेहमी वेळेवर येते."

नंतर हिशेब केला तेव्हा लक्षात आलं, सव्वादोनच्या ठोक्याला मी दुसरी कॉफी घेऊन नेमकं हेच वाक्य घोटत होते. विभागाची इमारत तिथून चालत सहा मिनिटं.

तीन वाजून पाच मिनिटांनी मी दारावर टकटक केली. दहा मिनिटं आधी! आत त्या सेक्रेटरी बाई एकट्याच होत्या. राखाडी केस आखूड कापलेले, चष्मा साखळीला, टेबलावर चार मेणबत्त्यांचं हिरवं कडं. मी नाव सांगितलं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग कॅलेंडरकडे.

"तुम्ही फिअर्टल द्रायला येणार होतात."

"हो. अजून दहा मिनिटं आहेत."

"नू," त्या म्हणाल्या. मला वाटलं 'नो'. सॅक्सनीत 'नू' म्हणजे 'हो', हेही मला महिनाभर माहीत नव्हतं. 'हो' म्हणताना त्यांचा चेहरा मात्र नाही म्हणत होता. मुलाखत घेणारे डॉक्टरसाहेब सव्वादोनपासून वाट पाहत थांबले होते, २:५० ला त्यांचा पाचवा तास, ते गेले. आता सोमवारपर्यंत भेटायचे नाहीत.

मी मराठीतच "अरे देवा" म्हटलं. माझ्या तोंडाकडे बघून बाईंना परिस्थिती कळली असावी. त्यांनी खुर्ची ओढून दिली, एका पाकिटाची पाठकोरी बाजू घेतली आणि त्यावर एक गोल काढला. पेन्सिलीनं त्याचे चार भाग केले. वर मोठा ३ लिहिला. "हा तिसरा तास," त्या हळूहळू म्हणाल्या, शाळेतल्या बाई बोलतात तशा. "दोन वाजले की हा सुरू होतो." मग एक चतुर्थांश काळा केला. "फिअर्टल द्राय. तिसऱ्याचा पाव झाला." शेजारचा भाग काळा केला. "हाल्ब द्राय. निम्मा तिसरा." तिसरा भाग. "द्रायफिअर्टल द्राय. पाऊण तिसरा." चौथा काळा करून पेन्सिल खाली ठेवली. "आणि आता तीन."

म्हणजे सव्वादोन, अडीच, पावणेतीन, तीन. 'हाल्ब द्राय' म्हणजे अडीच हे मला येत होतं, पुस्तकात होतं. 'निम्मे तीन' म्हणजे अडीच असेल तर 'पाव तीन' म्हणजे सव्वादोन असणारच, हा विचार इंजिनिअर असून माझ्या डोक्यात शिरला नव्हता. बाई म्हणाल्या, हॅम्बुर्ग-कलोनच्या लोकांचाही घोटाळा होतो, तेसुद्धा 'पाव तीन'ला हसतात. त्यांनी ते पाकीट मला देऊन टाकलं. अजून माझ्याकडे आहे.

(ते काम मला मिळालं नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलं, मुलाखत झाली, पण तोवर ते एका व्हिएतनामी मुलाला द्यायचं ठरलं होतं. एप्रिलमध्ये त्याच बाईंचा मेल आला, दुसऱ्या एका प्रकल्पाला माणूस हवा आहे म्हणून. वेळ आकड्यांत लिहिली होती, १४:१५, आणि कंसात एक हसरा चेहरा. ते काम मी अजून करते आहे.)

बाहेर पडले तेव्हा साडेतीन वाजले होते आणि उजेड मावळायला लागला होता. रडू आवरत ग्रंथालयात गेले. स्लुब म्हणतात त्याला, राज्याचं आणि युनिव्हर्सिटीचं मिळून एकच. कोट आणि पिशवी बाहेर लॉकरमध्ये ठेवायची. मुख्य वाचनकक्ष जमिनीखाली आहे, वरून काचेच्या छतातून उजेड येतो, डिसेंबरात तो चारलाच संपतो. इथे माया लोकांचं एक हस्तलिखित ठेवलंय, जगात उरलेल्या चारांपैकी एक. त्यात शुक्राच्या उदयास्ताची आणि ग्रहणांची कोष्टकं आहेत. आठशे-हजार वर्षांपूर्वीच्या माणसांना शुक्र कधी उगवणार हे कळत होतं आणि मला मंगळवारी फोनवर सांगितलेली वेळ कळली नव्हती. अभ्यास काही झाला नाही.

पाच वाजता आजीला फोन. ही वेळ ठरलेली. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत तिथले पाच म्हणजे पुण्यातले साडेआठ. मग ते लोक घड्याळ एक तास मागे घेतात आणि पाचचे साडेनऊ होतात. आजीला हे मुळीच मान्य नाही. "सरकारनं सांगितलं म्हणून वेळ मागे जाते का? सूर्याला विचारलं का कुणी?" तिची मालिका साडेनऊला असते, खरं दुखणं ते आहे. तरी ती टीव्हीचा आवाज बंद करून फोन घेते.

घडलेलं सगळं सांगितलं. वाटलं, बिच्चारी म्हणेल. ती म्हणाली, "तीन पाव पाऊण."

"काय?"

"पावकी. पाव, अर्धा, पाऊण, एक. तुम्हाला कुठे शिकवली? आम्हाला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, सगळं पाठ होतं. औटकीसुद्धा. औट, सात, साडेदहा, चौदा..." ती थांबेना. साडेतीनला औट म्हणतात हे मी प्रथमच ऐकत होते. मी तिला पाकिटावरचा गोल व्हिडिओवर दाखवला. तिनं चष्मा लावून नीट पाहिला.

"मग त्यात काय एवढं? अडीचसारखंच की."

तेव्हा मला ते नीट पोचलं नाही. रात्री शोधलं तर आजीचं बरोबर निघालं. अडीच हा शब्द आलाय 'अर्धतृतीय' पासून, म्हणजे तिसरा अर्धा. औट 'अर्धचतुर्थ' पासून, चौथा अर्धा. 'हाल्ब द्राय' आणि अडीच यांचा हिशेब अगदी एक आहे. सव्वा आणि पावणे आपण वेगळ्या वाटेनं मोजतो, पण अडीच मी जन्मापासून सॅक्सन पद्धतीनं म्हणत आलेय. एवढं भांडवल गाठीशी असून मी पन्नास मिनिटं उशिरा गेले.

आजीनं शेवटी विचारलं, "दुपारी एक ते चारमध्ये मुलाखत ठेवतात? झोपत नाहीत का ते?" पुणेकरांच्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

येताना दुकानात शिरले. घरातल्या रिकाम्या बाटल्या सकाळीच पिशवीत भरून आणल्या होत्या. यंत्राच्या तोंडात एकेक टाकायची, प्लास्टिकच्या पातळ बाटलीचे २५ सेंट परत मिळतात. अकरा बाटल्यांची चिठ्ठी निघाली, २.७५ युरो. त्यातून दूध, गाजरं आणि दही घेतलं. त्या दिवसाची माझी कमाई एवढीच.

घरी पोचले तर फ्लॅटच्या दाराबाहेर बुटांची रांग. एरवी तिथे माझे एकटीचेच असतात. पुण्याची सवय, बाहेरचं पायताण घरात नाही. बाकीचे दोघं आतल्या रॅकवर ठेवतात आणि माझ्या या सवयीची जराशी गंमत करतात. आज दोघांचेही बाहेर, वर स्वच्छ पुसलेले. मला वाटलं आतली फरशी पुसली असेल, फ्रिजवर पाळ्यांचा तक्ता आहेच. पण फरशी कोरडी होती. विचारायचं त्राण नव्हतं. मीही माझे चिखलाचे बूट शेजारी काढले, दही-भात खाल्ला आणि झोपले.

शुक्रवारी पुन्हा साडेसातचा तास. अंधारात घाईघाईनं दाराबाहेर उभी राहून उजवा पाय बुटात घातला तर आत काहीतरी टणक, आणि कडकन मोडलं. जिन्यातला दिवा लावून पाहिलं. चांदीच्या कागदातला चॉकलेटचा दाढीवाला म्हातारा, मानेपासून तुटलेला, आणि त्याच्याखाली एक संत्रं. तिघांच्याही बुटांत तेच. ५ डिसेंबरच्या रात्री तिथली मुलं बूट घासूनपुसून दाराबाहेर ठेवतात आणि सकाळी सेंट निकोलस त्यात खाऊ ठेवून जातो. आमचा निकोलस थ्युरिंगियाहून आला होता आणि त्यानं माझे चिखलाचे बूटही वगळले नव्हते. म्हाताऱ्याचं डोकं मी ६१ मध्ये उभ्यानंच खाल्लं.

संध्याकाळी आजीला हे सांगितलं. तिनं मालिकेकडे पाहतच विचारलं, "बूट बाहेर काढायला तुला शिकवलं कुणी?"